वाकायला शिकवणाऱ्या आक्का

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत जेवढी माणसं खाली पडलेली वस्तू गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून, गंभीर चेहऱ्यानं उचलतात, त्यांतली निम्मी माझ्या थोरल्या नणंदेची शिष्य आहेत असं खुशाल समजावं. उरलेली निम्मी अजून त्यांच्या नजरेला पडलेली नाहीत, एवढंच. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. त्या खुटबावला असतात, दीड एकरात शेवंती लावतात, आणि माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, उठण्याबसण्यावरून ओळखतात. रस्त्यानं कुणी चाललं असलं, की त्याचं नाव-गाव आठवायच्या आधी आक्का सांगतात, "ह्याची डावी बाजू धरलीय. खाट बदलली असंल."

मला बघायला मंडळी शिरूरला आली तेव्हा सासूबाईंनी माझं शिक्षण विचारलं, मामेसासऱ्यांनी नोकरीचं विचारलं. आक्का मात्र कोपऱ्यातल्या भरलेल्या कळशीकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "पोरी, ती कळशी तेवढी हिकडं आण बरं." मी जगरहाटीप्रमाणे वाकले, कळशी उचलली आणि त्यांच्यापुढं ठेवली. आक्कांनी मान हलवली. "न्हाई," त्या म्हणाल्या. माझ्या वडिलांचा चेहरा उतरला, आईनं पोह्यांची ताटली परत खाली ठेवली. मग आक्का म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. पण कंबरेतनं वाकती. तेवढं मी शिकवीन." अशा रीतीनं माझं लग्न ठरलं.

हे सगळं त्यांना त्यांच्या स्वतःच्या कंबरेनं शिकवलं होतं. माझ्या लग्नाच्या चार-पाच वर्षं आधी गवताचा भारा डोक्यावर घेऊन येताना त्या ओल्या बांधावरून घसरल्या आणि बसत्या पडल्या. नस बसवणारा एक जण येऊन पाठीवर पाय देऊन गेला. त्याच्या कृपेनं त्या पुढचे पंधरा दिवस उठल्या नाहीत. शेवटी दौंडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई औषधापेक्षा व्यायाम जास्त देणाऱ्या. त्यांनी सांगितलं, पडून राहू नका, झेपेल तेवढं हिंडत राहा. शेक घ्या. वजन उचलताना गुडघ्यातून वाका आणि वजन अंगाशी धरा. आणि तीन व्यायाम शिकवले. आक्कांनी त्यांना नावं ठेवली. हातापायांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली करायची तो बोका. उताणं पडून कंबर उचलायची तो पूल. गुडघे पोटाशी घेऊन झुलायचं तो पाळणा. महिनाभरात आक्का शेतात परतल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या शेवंतीला हात लावायच्या आधी तोडणीच्या बायांना बोका, पूल आणि पाळणा करावा लागतो, बांधावर, सतरंजी टाकून. एकदा एक खतवाला रस्त्यानं जाताना सात बाया ओणव्या होऊन जमिनीकडे बघताना दिसल्या म्हणून गाडी थांबवून खाली उतरला. "काय हरवलं?" असं विचारून तोही बिचारा शोधायला लागला. आक्कांनी त्याला पाळणा करायला लावूनच सोडलं.

मी शिरूरच्या एका शाळेत लिपिक आहे, म्हणजे दिवसभर खुर्ची. आक्कांना हे कळल्यापासून रोज अकरा वाजता त्यांचा फोन यायचा. "उठलीस का?" एवढंच विचारायच्या. मी फोन कानाला लावून उभी राहायची, "हो, हो" म्हणत चार पावलं चालायची. आमच्या मुख्याध्यापकांना पहिले दोन-तीन महिने वाटायचं, शिक्षण खात्यातल्या कुणा वरिष्ठांचाच फोन असणार. तेही आपल्या खुर्चीतून उठून उभे राहायचे. आक्कांमुळे त्यांच्याही कंबरेला आराम पडला असावा. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

आक्कांची फळी आमच्या नातेवाइकांत आक्कांइतकीच प्रसिद्ध होती. माणसाच्या उंचीची सागवानी फळी. त्या तिच्यावरच झोपायच्या. डॉक्टरीणबाईंनी "फळी कशाला, घट्ट गादी पुरे" असं सांगितलं होतं, पण तेवढं एक आक्कांनी ऐकलं नव्हतं. पाबळला माझ्या चुलतदिराचं लग्न होतं, विहारासमोरच मांडव. आक्का जीपमध्ये फळी घालून आल्या. आचाऱ्याला वाटलं, आपल्यासाठीच पाठवलीय. संध्याकाळी आक्का बघतात तर फळीवर काकड्यांचा ढीग आणि चार बाया चिरायला बसलेल्या. कोशिंबीर होईपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या, फळी धुतली आणि काकडीच्या वासात झोपल्या.

स्वतःच्या कंबरेबद्दल त्या शेजारच्या बाईबद्दल बोलावं तसं बोलत. "ती आज गप हाय." "ती सकाळधरनं कुरकुर करती." "तिला म्हणलं, एवढ्या दोन सऱ्या तोडू दे, मग तुझं ऐकते." एमआरआयचं नाव काढलं की मात्र बिथरत. "फोटो काढला की तिला कळतं आपण आजारी हाय ते. मग ती ऐकत न्हाई," हे त्यांचं शास्त्र.

एक गोष्ट मात्र त्या कधीच गमतीत सांगत नसत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तीन प्रश्न शिकवले होते, आणि कंबर धरून आलेल्या प्रत्येकाला, मग तो सरपंच का असेना, ते तीन प्रश्न ऐकावे लागत. पायातनं जीव गेल्यागत वाटतंय का? बसायची जागा बधिर झालीय का? लघवीचं कळंना झालंय का? तिसऱ्या प्रश्नाला पुरुष इकडेतिकडे बघायचे, बाया पदर तोंडाला लावायच्या. आक्का ढळायच्या नाहीत. "लाजू नगा. यातलं एक जरी व्हय असंल, तर बोका न्हाई आन् पूल न्हाई. त्याच दिवशी मोठा दवाखाना."

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस खुटबावला गेले. शेवंतीची ऐन तोडणी होती. ह्यांची कंपनीत पाळी होती म्हणून मी एकटीच गेले. संध्याकाळी पोहोचले, जेवले, झोपले आणि पडल्या पडल्या काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मग ध्यानात आलं. आक्कांनी मला माझी कंबर कशी आहे ते विचारलं नव्हतं. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं.

सकाळी दाजी, म्हणजे आक्कांचे यजमान, पहिला माल घेऊन पुण्याच्या बाजाराला निघून गेले. बाया बांधावर जमल्या. आक्का ओट्यावर पाठ टेकून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना पाठीच्या खुर्चीत बसलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. मी चहा दिला, तर म्हणाल्या, "नगं." पाणी आणलं, "नगं." बायांनी बांधावरून हाक मारली, "आक्का, बोका?" तर बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "आज राहू द्या. माल लौकर काढा." बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग त्या उठून मोरीकडे निघाल्या. चार पावलांवर उजव्या पायातली चप्पल मागं राहिली. त्या तशाच पुढं गेल्या, एक पाय चपलेत आणि एक अनवाणी. वाटेत खडी पसरलेली होती. तिच्यावरूनही गेल्या. मी चप्पल उचलून मागं धावले.

"आक्का, चप्पल."

त्यांनी खाली पायाकडे बघितलं. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "ढिल्ली झालीय," म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी बाहेर उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून पाण्याचा आवाज नाही, कसलाच आवाज नाही. मी हाक मारली. "आले," म्हणाल्या, पण आल्या नाहीत. दोरीवर तीन लुगडी वाळत पडलेली मला तेव्हा दिसली. सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. मी दार ढकललं. कडी घातलेली नव्हती. आक्का भिंतीला हात धरून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

"आक्का, मी विचारते तेवढं सांगा," मी म्हणाले. माझाच आवाज मला लहान वाटला. "पायातनं जीव गेल्यागत वाटतंय का?"

त्या जराशा हसल्या. "माझंच मलाच इचारती व्हय गं?"

"सांगा."

"उजव्या पायात. जरा."

"बसायची जागा?"

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "आंघोळ करताना हात लावला, तर दुसऱ्याच्याच अंगाला लावल्यागत वाटतं."

तिसरा प्रश्न माझ्या तोंडातून निघेना. ज्या बाईनं तो सरपंचाला विचारला होता, तिला मी तो विचारू शकत नव्हते. शेवटी त्याच बोलल्या, अगदी हळू. "काल दुपारधरनं न्हाई झाली. येतीय असं वाटतं, बसते, आन् न्हाईच. मग आपसूक थेंब थेंब गळतंय, ते बी कळत न्हाई. म्हणून पानी सोडलंय. तुझ्या दाजींस्नी सांगू नगो, वैनी."

"अहो, कालच का नाही सांगितलं? तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"म्हाईत हुतं म्हणूनच की." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "परवा टेम्पोतनं क्रेट घसरत हुतं. खाली तोडणीतली सगुणाबाई हुती. धावत जाऊन धरलं. धरलं, पण..."

"पण काय?"

"कंबरेतनं वाकले गं मी," आक्का म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

पायातली ताकद गेली होती, लघवी बंद होती, आणि त्यांना रडू आलं ते या गोष्टीचं. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. भीती जास्त होती.

"दोन दिस थांब," त्या म्हणाल्या. "माल निघू दे. बायांना काय सांगू? सगळ्या तालुक्याला शिकवीत हिंडते आन् स्वतः..."

मी त्यांचं ऐकून घेतलं नाही. त्यांच्याच मोबाइलमधून दौंडच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आता त्या बऱ्याच वयस्क झाल्या आहेत. मी घाईघाईनं सांगितलं.

"माझ्याकडे आणू नका," बाई म्हणाल्या. "वाटेत कुठं दाखवत बसू नका. जिथं एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन दोन्ही होतं, तिथं थेट न्या. आत्ता. खायला काही देऊ नका."

"बाई, शेवंती..." आक्का मध्येच म्हणाल्या.

"फुलं उद्यापण उमलतील. ही नस एकदा मेली तर परत येईलच असं मी सांगू शकत नाही. उठा."

आक्का उठायला गेल्या आणि मोरीच्या उंबऱ्यातच त्यांचा उजवा पाय मुडपला. मी त्यांना कसंबसं धरलं, पण दोघी खाली बसलो. मी ओरडले. बांधावरच्या बाया धावत आल्या. पुढं सगुणाबाई, साठीची, काटक. तिनं दोरीवरची लुगडी बघितली, आक्कांचा चेहरा बघितला. "फळी आणा," एवढंच म्हणाली.

बायांनी फळी आणली, तिच्यावर गोधडी घातली, आक्कांना अलगद वर घेतलं. सहा बाया, तीन इकडे आणि तीन तिकडे. त्या उचलायला वाकल्या, आणि डोळे मिटून पडलेल्या आक्का एकदम ओरडल्या, "गुडघ्यातनं! गुडघ्यातनं वाका गं! सगुणे, पाठ सरळ!" सहाच्या सहा बाया जागच्या जागी थांबल्या, सरळ झाल्या, गुडघे मोडून पुन्हा बसल्या आणि मग उठल्या. रडता रडता एक जण फिसकन हसली, मग कुणालाच आवरेना. फळी हलायला लागली. "हसू नगा, पाडताल मला," आक्का म्हणाल्या.

दुसरा माल न्यायला पिकअप दारातच उभी होती. गाडीवाला उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा माणूस. त्यानं अर्धे भरलेले क्रेट स्वतःच्या हातानं खाली उतरवले, मागं शेवंतीची दोन पोती आडवी टाकली, त्यांच्यावर फळी ठेवली. "अम्माजी, आराम से," म्हणाला. मागं मी आणि सगुणाबाई बसलो. बाकीच्या बाया बांधावर उभ्या राहिल्या. कुणी हात हलवला नाही.

पुण्याचा रस्ता मी किती वेळा गेले असेन. त्या दिवशी तो संपेना. कारखाने सुरू झाले होते. उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, रस्ताभर संथ चाललेले. गाडीवाला हॉर्न देत होता, ट्रॅक्टरवाल्यांच्या कानाशी गाणी चालू होती. प्रत्येक गतिरोधकाला आक्का माझं मनगट घट्ट धरत. मी दाजींना फोन करत होते. बाजारातल्या गलक्यात ते उचलत नव्हते.

"सगुणे," आक्का मध्येच म्हणाल्या, "त्या गाडीवाल्याला म्हणावं शीट पुढं घे. लय लांब बसलाय. कंबर जाईल त्याची."

सगुणाबाईनं मागची काच ठोकून त्याला खुणेनं सांगितलं. त्याला काहीतरी भलतंच झालं असं वाटलं आणि त्यानं गाडी बाजूला घेतली. काय झालं ते कळल्यावर तो डोक्याला हात लावून हसला, सीट पुढं ओढली आणि पुन्हा निघाला. आक्कांना जरा समाधान वाटलं असावं. मी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा धरून दाबला. पुन्हा दाबला, नख रुतेल इतका.

"आक्का, कळतंय का?"

"काय?" त्या म्हणाल्या.

मी सगुणाबाईकडे बघितलं. तिनं मान दुसरीकडे वळवली.

हडपसरच्या अलीकडच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिथल्या डॉक्टर मुलीनं माझं अर्धं वाक्य ऐकलं आणि आम्हाला रांगेतून आत घेतलं. नर्सनं आधी लघवीची नळी घातली. पिशवी भरत गेली, भरतच गेली. "मावशी, किती वेळ धरून ठेवलंत?" तिनं विचारलं. आक्कांनी तोंडावर पदर ओढून घेतला. मग एमआरआय. त्या यंत्रात जायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता नाही म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "तिला आता कळलंच हाय. काढू दे फोटो."

मणक्यांमधली चकती सरकून खालच्या नसांचा सगळा जुडगा दाबला गेला होता. ऑपरेशन लगेच, म्हणजे त्याच दुपारी. दाजी दोन वाजता धावत आले. सदऱ्यावर शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. मुळात कमी बोलणारा माणूस. ते येऊन खाटेजवळ उभे राहिले.

"सांगितलं न्हाई म्हणून रागवू नगा," आक्का म्हणाल्या.

"न्हाई रागवत." दाजी जरा थांबले. "पण मला का न्हाई सांगितलं? एका घरात राहतो आपण."

आक्कांनी दाजींच्या सदऱ्यावरची एक पाकळी काढली आणि मुठीत धरली.

कागदावर सही त्यांनी स्वतःच केली. सर्जन साहेब आले, सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "काही विचारायचंय?"

"व्हय. तुमी किती तास वाकून उभं राहता?"

"दोन-तीन तास लागतील."

"मग मदी मदी सरळ होत जावा."

सर्जन दारापर्यंत गेले, थांबले, आणि मोकळं हसले. आक्का हसल्या नाहीत. त्या मनापासून बोलल्या होत्या.

त्यानंतरची दुपार मला नीट आठवत नाही. सगुणाबाई भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती आणि सारखं म्हणत होती, "क्रेट माझ्यावर पडलं असतं तर चाललं असतं की." पहिल्यांदा मी तिची समजूत घातली, मग नुसतं तिच्या शेजारी बसले. दाजी खिडकीजवळ उभे होते ते उभेच राहिले. दिवेलागणीच्या वेळी सर्जन बाहेर आले.

"नसांवरचा दाब काढलाय. ऑपरेशन चांगलं झालं," ते म्हणाले. "पायात ताकद किती येईल, लघवीचं कधी सुधारेल, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. वाट बघायची. काल आणलं असतं तर मी जास्त खात्रीनं बोललो असतो."

ते शेवटचं वाक्य मी आक्कांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण घरी सोडायच्या दिवशी त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारून घेतलं.

मग वाट बघणं सुरू झालं. नर्सनं त्यांना स्वतःच नळी घालायला शिकवलं, घड्याळ लावून, दिवसातून चार-पाच वेळा. शेवंतीच्या हिशोबापेक्षा त्या तो हिशोब जास्त काटेकोरपणे पाळत. दौंडच्या डॉक्टरीणबाईंची एक विद्यार्थिनी घरी येऊन पायाचे व्यायाम घ्यायची. तिलाही उठायला-बसायला शिकवल्याशिवाय आक्कांनी सोडलं नाही. मला मात्र त्यांचा फोन आला नाही. रोज अकरा वाजत आणि मी खुर्चीतच बसलेली असे.

दीड-पावणेदोन महिन्यांनी एक दिवस फोन वाजला. मी उचलला.

"वैनी," पलीकडून आक्कांचा आवाज, "झाली! आपसूक झाली! नळी न्हाई, काय न्हाई!"

मी उभी राहिले. मुख्याध्यापकही उभे राहिले. "काय झालं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मी भर ऑफिसात रडायला लागले. त्यांना वाटलं, कुणी वारलं. ते फाइल उघडून माझी रजा मंजूर करायला लागले.

पुढच्या हंगामाची शेवंती तोडणीला आली, तेव्हा मी पुन्हा गेले. बाया बांधावर सतरंजी टाकून बसल्या होत्या, दोन-तीन नव्या होत्या. आक्का खुर्चीत. उजव्या पावलात आधार देणारी पट्टी होती, कारण पाऊल पूर्ण उचलत नाही ते नाहीच. बसायच्या जागी अजून थोडं बधिर आहे. बोका, पूल, पाळणा झाला, आणि मग आक्कांनी सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, आता तीन प्रश्न सांगतील. पण त्यांनी आधी स्वतःची हकीकत सांगितली. क्रेट, वाकणं, तीन लुगडी, मोरी, सगळं. लघवी हा शब्द त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की पलीकडच्या शेतात पाणी द्यायला आलेला माणूस लगबगीनं लांब गेला.

"मला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या. "तुमा सगळ्यांपेक्षा जास्त म्हाईत हुतं. तरी एक दिस लाजंपायी घालवला. त्या एका दिसात हे पाऊल गेलं. तुमी घालवू नगा."

कुणी पदर तोंडाला लावला नाही. एका नव्या बाईनं काहीतरी विचारलं, हळू आवाजात, आणि आक्कांनी तिला जवळ बोलावून घेतलं.

आक्का आता तोडणी करत नाहीत. खुर्चीतून बघतात. फुलांना हात लावायचा असला तर कुणीतरी ओंजळभर आणून त्यांच्या मांडीवर टाकतं, आणि त्या एक एक फूल उलटून बघतात. कधी एखाद्या बाईचं वाकणं चुकतं, त्यांना दिसतं, त्या तोंड उघडतात आणि मग काही न बोलता पुन्हा फुलांकडे बघतात. हे मला पाहवत नाही. आधीच्या आक्का असत्या तर आख्खं शिवार हललं असतं.

परत निघाले तेव्हा मला सोडायला त्या फाट्यापर्यंत चालत आल्या. दाजी गाडीवर नेतो म्हणाले होते, त्यांनी ऐकलं नाही. वीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. मी मुद्दाम हळू चालतेय हे त्यांना कळू नये म्हणून मी मध्येच पिशवी सारखी करत होते, मध्येच चिंचेकडे बघत होते. त्यांना कळलं असणारच. शिरूरकडे जाणारी गाडी पलीकडच्या बाजूला थांबते. मधला रस्ता मोठा, दोन्हीकडून ट्रॅक्टर आणि मोटारसायकली. रस्त्याच्या कडेला येऊन आक्का थांबल्या. त्या आयुष्यात कुणाचा हात धरून चाललेल्या मला आठवत नाहीत. त्यांनी माझ्याकडे न बघता डावा हात बाजूला काढला आणि तसाच धरून ठेवला. मी तो धरला. आम्ही रस्ता ओलांडला.

पलीकडे पोहोचलो आणि एसटी आलीच. "जा आता, उशीर हुतोय," आक्का म्हणाल्या. पण हात त्यांनी सोडला नाही, आणि मीही सोडला नाही. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "ताई, येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हणाले. "मी मागच्या गाडीनं येते."